हेडमधलं जुनं पॅकिंग

"नवीन पॅकिंग कशाला पायजे?" बाबालालमामा म्हणाले. "हाय तेच तापवून लाल करू, पाण्यात सोडू. नव्यासारखं मऊ हुतंय."

"तांब्याचं होतं तेव्हा होत होतं, मामा. आता पत्र्याचं येतंय. एकदा दबलं की त्याचा जीव गेला."

"आन् तांब्याचं असलं तर?"

"तरी नवीनच घालायचं. पाइप एकदा हेडपासून सुटला की पॅकिंग नवीन. पुण्यात पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला."

"पुण्यात," मामा म्हणाले, आणि तारेचा ब्रश शोधायला लागले.

त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. काही बोलले असते तर मी भांडलो असतो. पण नुसतं "पुण्यात" म्हणायचं आणि पाठ फिरवायची, याला उत्तर काय देणार?

याला आता सतरा वर्षं झाली. जयसिंगपुरात नांदणी रोडला बाबालाल शिकलगारांचं गॅरेज होतं, दोन शटरचं, मागं त्यांचं घर. मी तिथं कामाला होतो. माझं नाव शीतल चौगुले. आमच्या भागात जैनांच्या घरी हे पुरुषाचं नाव असतं, बाहेरच्या माणसाला ते सांगून पटवावं लागतं. पुण्यातल्या ज्या मोठ्या सर्व्हिस सेंटरात मी पाच वर्षं काढली, तिथं सगळे मला नावावरून चिडवायचे, आणि मी चिडायचोही. शेवटी एकदा मी सुपरवायझरच्या टेबलावर पाना फेकून मारला. काच फुटली, नोकरी गेली, आणि सव्वीस वर्षांचा मी परत गावाला आलो. रागीट मिस्त्री म्हणून माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. दारात उभं केलं ते एकट्या बाबालालमामांनी.

मामा तेव्हा बासष्टचे होते. आदल्या हिवाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, डाव्याचा अजून राहिलेला. एकुलता एक मुलगा शारजाला, तो काही गॅरेजमध्ये परत येणार नव्हता. मामांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "जूनपासनं किल्ली तुझ्याकडं. मी खुर्चीत बसून चहा पिणार. पण तवर तुझ्या हातनं बांधलेली एक जरी गाडी बिघडून परत आली, तर मी दुसरा बघणार. तुझं डोकं मला चालतंय, हात चुकलेला चालायचा न्हाई."

दुसरं काही माझ्याकडं नव्हतं. हे गॅरेज गेलं असतं तर मी उसाच्या ट्रॉल्यांची पंक्चरं काढत बसलो असतो.

गॅरेजचा एक नियम होता आणि मामा तो फार कडक पाळायचे. ज्यानं गाडी उघडली त्यानंच ती बांधायची. मध्ये दुसऱ्यानं आत हात घालायचा नाही, तोंडानं सांगितल्याशिवाय. "एकानं नट काढला आन् दुसऱ्यानं बसवला, म्हंजे गाडी कुणाचीच न्हाई," असं ते म्हणायचे. म्हणून सांगून काम देण्याला तिथं फार मोल होतं. "मामा, तेवढी चेन बघा" असं म्हटलं की चेन त्यांची झाली. तसं न म्हणता ठेवली तर ती माझीच.

त्या शुक्रवारी समोर होती ती कुलभूषण मगदूमची काळी गाडी. कुलभूषण बावीस-तेवीसचा, बापाचे यंत्रमाग, हातात मोकळा वेळ. कोल्हापुरातून त्यानं बाहेरचा सायलेन्सर आणला होता, कंपनीचा काढून तो बसवायचा. चकचकीत खोक्यात पाइप होता, क्लॅम्प होता, स्टिकर सुद्धा होते. नव्हतं ते पॅकिंग.

हे पॅकिंग म्हणजे फार काही नाही. इंजिनाच्या हेडमधून धूर जिथं बाहेर पडतो, त्या तोंडात लहानशा बांगडीएवढं एक कडं बसतं. त्यावर पाइप दाबायचा आणि दोन नट आवळायचे. कडं चेपतं, फट बुजते. फट राहिली तर पेटता धूर तिथून फुसफुसत बाहेर येतो. दहा-वीस रुपयांची वस्तू. पण बाहेरचा सायलेन्सर बसवताना निम्मे मिस्त्री जुन्याच कड्यावर पाइप चढवून मोकळे होतात, आणि मग महिनाभरानं गाडी फटफट करत परत येते. मला या प्रकाराची चीड होती. मामांच्या तोंडून तेच ऐकल्यावर तर माझं पित्तच खवळलं.

मी जुना पाइप ओढून काढला आणि जमिनीवर आपटला.

"नवीन पॅकिंग घेऊन येतो," म्हणालो, आणि मामांची मोटरसायकल काढून स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथं गर्दी होती. दुकानदारानं दोनदा चुकीचं माप काढलं, मी त्याच्यावरही खेकसलो. परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मामा नळावर हात-पाय धूत होते, नमाजाला निघायचं म्हणून. ज्यांच्यावर नट चढतात ते गाडीचे दोन्ही स्टड त्यांनी ब्रशनं लख्ख घासून, तेल लावून ठेवले होते.

"आणलंस?"

"आणलं."

"बरं," म्हणाले आणि टोपी घालून गेले.

मी वाकून हेडच्या तोंडात बघितलं. आत काळंभोर, गुळगुळीत. कडं दिसलं नाही. म्हातारबानं काढलं असणार आणि नेलं असणार आपल्या शेगडीवर लाल करायला, असं मला वाटलं, आणि मला परत राग आला. ठेवू देत त्यांना जपून, म्हटलं. ग्रीसचं बोट लावून नवीन कडं बसवलं, वर पाइप चढवला, नट आवळले. गाडी चालू केली. आवाज असा घुमला की समोरच्या चहावाल्यानं कानात बोटं घातली. पाइपाच्या कॉलरजवळ तळहात धरला, कुठं वारा लागत नव्हता. चार वाजता कुलभूषण आला, खूश होऊन गेला.

सोमवारी सकाळी दहाला एक छोटा टेम्पो दारात थांबला. मागं कुलभूषणची गाडी दोरानं बांधलेली. पुढून तो स्वतः उतरला, एका पायावर. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं बँडेज.

"शीतल्या! भायेर ये! ये भायेर, तुझ्या मायला!"

मी आत कार्ब्युरेटर धूत होतो. तसाच हात पुसत बाहेर आलो.

"शिव्या द्यायच्या नाहीत."

"देनार! बघ हे!" त्यानं पाय पुढं केला. "आंबा घाटात नट सुटला तुझा. आगीचा फवारा सरळ नडगीवर. पँट चिकटली कातड्याला, दवाखान्यात सोलून काढली. डॉक्टर म्हनतोय सा महिने डाग जायाचा न्हाई. कुनी बांधल्या ही गाडी?"

"मी बांधली. आणि मी बांधलेली सुटत नाही. घाटात काय धिंगाणा घातलास ते आधी सांग."

"धिंगाणा? मी चाळीसनं चाललोवतो रं!"

"नवीन पॅकिंग घालून, माप बघून आवळलेली गाडी आहे ती. कुठं दुसरीकडं हात लावून घेतला असशील."

"हात न्हाई लावला कुनी! उघड! हितंच उघड, माझ्या म्होरं!"

एव्हाना चहाच्या टपरीवरचे चारपाच जण सरकत सरकत जवळ आले होते. मामा आतून आले. कुलभूषणचा पाय बघितला आणि त्यांचं तोंड पडलं. त्यांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. मग मला म्हणाले, "उघड बाबा. बघू या."

गाडी उतरवली. मी खाली बसलो. मामा शेजारी टॉर्च धरून उभे राहिले. एक नट तर नव्हताच, दुसरा बोटानं फिरत होता. पाइप ओढला तर माझं नवीन कडं त्याच्याबरोबर बाहेर आलं, एका बाजूनं जळून निळं पडलेलं. कुलभूषण मागून काहीबाही बडबडत होता. मी तारेचा आकडा घेतला आणि हेडच्या तोंडात घातला, आतली काजळी खरवडायला.

आकडा अडकला.

परत ओढला. परत अडकला. मी स्क्रू ड्रायव्हर घालून कडेनं हलकं उचकटलं, तर काळ्या भिंतीतला एक गोल तुकडा सुटला आणि माझ्या तळहातावर पडला. जुनं कडं. इतकं चेपलेलं, इतकी काजळी बसलेली, की हेडचाच भाग वाटावं. माझं नवीन कडं त्याच्यावर बसलं होतं. दोन कडी एकावर एक बसली की थंड असताना पाइप घट्ट वाटतो. गाडी तापली की ती हळूहळू दबतात, नट सैल होतो, आणि मग घाटात जे व्हायचं ते होतं.

"ह्ये काय?" कुलभूषण लंगडत पुढं आला. "दोन? जुनं न काढताच वर नवीन घातलंय? कुनी केलं ह्ये?"

मी उठलो. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"मामा!" मी ओरडलो. "हे काय आहे?"

मामांनी टॉर्च कड्यावर मारला. डोळे बारीक करून बघत राहिले.

"जुनं पॅकिंग दिसतंय."

"दिसतंय? आज दिसतंय? शुक्रवारी जाताना मी काय सांगून गेलो होतो? मामा, तेवढं कडं काढून ठेवा, म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"मला?"

"मग कुणाला? इथं दुसरं कोण होतं? तुम्ही स्टड घासत बसला आणि कडं तसंच ठेवलं! आणि मी तुमच्या भरवशावर नवीन चढवलं!"

मामा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवताना माणूस बघतो, तसे बघत होते.

"तू सांगितलंवतंस?"

"हो!"

"मी ऐकलं न्हाई का विसरलो?"

"ते मला काय माहीत? दिसत नसेल तर हात लावत जाऊ नका! एखाद्याचा जीव गेला असता!"

हे मी पाच-सहा माणसांसमोर ओरडलो. ज्या माणसानं मला दारात उभं केलं, त्याच्या दारात, त्याच्या गिऱ्हाइकासमोर. आणि मला थांबता येत नव्हतं. खरं म्हणजे मी थांबायलाच घाबरत होतो.

कारण मी तसं काहीही सांगितलं नव्हतं. "नवीन पॅकिंग घेऊन येतो" एवढंच म्हणून मी तावातावानं गेलो होतो. मामांनी नियमाप्रमाणं माझ्या गाडीच्या आत हात घातला नव्हता, बाहेरचे स्टड तेवढे पुसून दिले होते, तेही माझं काम हलकं व्हावं म्हणून. मी काजळीत वाकून बघितलं आणि त्यांनीच काढलं असेल असं धरून चाललो. तोंडात बोट घालून फिरवलं असतं तर कडं लागलं असतं. त्याला चार सेकंद लागतात. पॅकिंग बदलायला हवं म्हणून त्याच सकाळी ज्यानं एवढा तमाशा केला, त्यानं स्वतः ते काढलं नव्हतं. हे सगळं मला कडं तळहातावर पडलं त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच मी एवढा मोठ्यानं ओरडलो.

मामांनी टॉर्च बंद केला. कुलभूषणसमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्या हातनं चूक झाली, बाळ. ह्या पोराचा दोष न्हाई. तुझ्या बापाला सांग, मी संध्याकाळी घरी येतो, पाया पडतो."

"डोळं गेल्यात तर घरात बसा की, मिस्त्री," कुलभूषण म्हणाला. "कशाला लोकांस्नी मारताय?"

"बरोबर हाय तुझं," मामा म्हणाले.

मी खाली बसलो आणि गाडी नीट बांधली.

दुपारी आम्ही दोघेच असताना मामांनी एकदा विचारलं. माझ्या सोबतीला जेवायचं म्हणून मागच्या घरातून आणलेला डबा उघडा ठेवून ते बसले होते.

"शीतल, मी भांडाय इचारत न्हाई. तू नक्की सांगितलंवतंस न्हवं?"

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मामा चिडले असते, कदाचित हाकलून दिलं असतं, कदाचित नसतंही. पण मी माझ्या डब्यातली भाकरी मोडत म्हणालो, "किती वेळा तेच विचारताय?"

"मला आठवंना रं," ते म्हणाले. "काय केल्या आठवंना."

त्यांनी त्या दिवशी डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी इंजिनाला हात लावला नाही. जून उजाडायची वाट न बघता किल्ली माझ्या हातात दिली. गिऱ्हाईक आलं की स्वतःच सांगायचे, "शीतलला दाखवा, माझ्यावर आता भरवसा ठेवू नका." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी तक्रार केली असती, टोमणे मारले असते, तर मला बरं वाटलं असतं. पण ते माझी बाजू घ्यायचे. कुलभूषणच्या घरी जाऊन आले, तिथंही माझंच कौतुक करून आले.

आणि मग ते खरंच म्हातारे व्हायला लागले.

आधी त्यांनी शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायला सुरुवात केली. मी जे सांगेन ते लिहायचं. "शीतल: ब्रेक ऑइल आणणे." "शीतल: पाटलांची गाडी पाच वाजता." मी म्हटलं, "मामा, हे कशाला?" तर म्हणाले, "न्हाई, परत तसं नको." मग एक गोष्ट दोनदा विचारायला लागले. मग तीनदा. चाळीस वर्षं नट-बोल्टची मापं ज्यांनी अंदाजानं सांगितली, ते आता पाना उचलून त्याच्यावरचा आकडा डोळ्याजवळ नेऊन वाचायचे, आणि तरी मला दाखवून घ्यायचे.

जैनाबीमामी एकदा चहा घेऊन आल्या आणि ते बाहेर गेलेले बघून माझ्याजवळ बसल्या.

"तू जवळ हायस म्हणून निभावतंय बघ," त्या म्हणाल्या. "परवा मिरजंला नेलं मी त्यांना, डोक्याच्या डॉक्टरकडं. त्यानं फोटो काढला, म्हणाला काही न्हाई. पण ह्यांना पटत न्हाई. म्हणतात, डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला खरं सांगत न्हाई. आता मी एकटं बाजारात बी सोडत न्हाई त्यांना. शारजाला फोन केला, पोरगं बी काळजी करतंय."

"त्यांना काही झालेलं नाही, मामी."

"तू म्हणणारच. जीव हाय तुझा त्यांच्यावर."

मी चहा तसाच ओतून दिला. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांवर ओरडलो, एकाची गाडी न बघताच परत पाठवली. रात्री घरी आईनं विचारलं, "काय झालंय तुला?" तिच्यावरही ओरडलो. चूक लपवणं मला जमलं होतं. पण तो म्हातारा ती चूक उराशी धरून रोज माझ्यासमोर बसतो, हे सहन होत नव्हतं, आणि त्याचा राग मी मिळेल त्याच्यावर काढत होतो.

मेच्या शेवटी एके दुपारी मी एका गाडीचं चाक खोलत बसलो होतो. मामा खुर्चीत.

"बारा-तेराचा पाना द्या, मामा."

ते उठले. "बारा-तेरा म्हणालास न्हवं?"

"हो."

पेटीजवळ गेले. "बारा-तेरा."

"हो!"

पाना काढला, उजेडात धरला, आकडे वाचले. माझ्याजवळ आले, माझ्या हातात देताना थांबले.

"ह्योच सांगितलावतास न्हवं? का मी चुकीचं ऐकलं?"

मी पाना त्यांच्या हातातून हिसकावला आणि समोरच्या भिंतीवर फेकला. प्लास्टर उडालं.

"मी सांगितलंच नव्हतं!"

"पाना न्हवता सांगितला?"

"पाना नाही! त्या शुक्रवारी! कडं काढून ठेवा असं मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं! मी फक्त पॅकिंग आणतो म्हणालो आणि गेलो! तुम्ही काही विसरला नव्हता. मी बघितलं नाही. माझी चूक होती आणि मी तुमच्यावर ढकलली!"

मामा तिथंच उभे राहिले. मला वाटलं आता मारतील. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो, त्यांनी कानाखाली द्यावी म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी मागं वळून हाक मारली.

"जैनाबी, पाणी आण जरा. ह्या पोराला दे."

"मला पाणी नको! ऐकताय का तुम्ही? मी खोटं बोललो!"

"ऐकलं," मामा म्हणाले. माझ्याजवळ उकिडवे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधीपासनं हे डोक्यात घेऊन हिंडतोयस? मला बरं वाटावं म्हणून आपल्या अंगावर घ्यायचं? असं करू नगंस. धंदा आता तुझा हाय. कुणी ऐकलं तर गिऱ्हाईक जाईल तुझं."

"मामा, अहो, मी खरं सांगतोय! तुम्ही आठवून बघा. तुम्ही नळावर होता. मी 'आणलं' म्हणालो. त्याच्या आधी काही बोललो होतो का मी? आठवा!"

"आठवतंय की."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"आधी आठवत न्हवतं," मामा म्हणाले. "आता आठवतंय सगळं. तू दारात मोटरसायकल चालू केलीस. मागं वळून म्हणालास, मामा, तेवढं कडं काढून ठेवा. तुझा आवाज बी आठवतोय मला. मी व्हय म्हणालो, आन् स्टड घासत बसलो."

"नाही! नाही म्हणालो मी तसं!"

"म्हणालास, बाबा. मी ऐकलं. मीच विसरलो."

जैनाबीमामी तांब्या घेऊन आल्या होत्या. भिंतीवरचं उडालेलं प्लास्टर, माझा अवतार बघून त्या घाबरल्या. मामांनी त्यांना खुणेनं थांबवलं.

"काय न्हाई. माझी चूक ह्यो आपल्या माथ्यावर घ्यायला बघतोय. दोन महिने झुरतंय बिचारं."

"मामी, मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो. "यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. यांना बाजारात जाऊ द्या. मुलाला फोन करून सांगा. मी खोटारडा आहे, मी!"

मामींनी तांब्या खाली ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

"पोटचं पोरगं लांब हाय," त्या म्हणाल्या, "तर देवानं ह्यो दिला."

मी परत ओरडलो. पहिल्यापासून सगळं सांगितलं, शुक्रवारपासून, एकेक शब्द. माझा घसा बसला. मामा माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, मामी पाण्याचा तांब्या पुढं करत होत्या, आणि दोघं मिळून मला शांत हो, शांत हो म्हणत होते.